नदीकांठच्या वाटा व आमचीं मुलें

गेल्या सत्रांत नवव्या इयत्तेच्या वर्गांत आम्हीं एक साधा प्रश्न विचारला. ज्या नदीवरून आपल्या शहराचें नांव पडलें असें मानतात, त्या नाग नदीचें पाणी शेवटीं जातें कोठें? ॲमेझॉन नदी कोणत्या महासागरास मिळते हें त्याच वर्गानें क्षणापूर्वीं बिनचूक सांगितलें होतें. या प्रश्नास मात्र तिघांनींच हात वर केले, आणि त्यांतील एकाचें उत्तर ‘गटारांत’ असें होतें. वर्ग हंसला. आम्हांस हंसूं आलें नाहीं, कारण त्या मुलाचें उत्तर सर्वस्वीं चुकीचें आहे असें म्हणण्याचें धाडस आम्हांस झालें नाहीं.

खरें उत्तर असें आहे. शहराच्या पश्चिमेकडील उंचवट्यांत उगम पावून नाग नदी अंबाझरीवरून शहराच्या मध्यांतून पूर्वेस वाहते, पिवळी नदीस पोटांत घेऊन पुढें कन्हानेस मिळते. कन्हान आंभोऱ्यास वैनगंगेस मिळते. वैनगंगा वर्धेशीं एक होऊन प्राणहिता हें नांव धारण करते, आणि प्राणहिता गोदावरीच्या द्वारें बंगालच्या उपसागरास जाते. हें वाक्य पाठ करण्यास पांच मिनिटें पुरतात. परंतु पाठ केलेलें परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं विसरलें जातें. तीच कन्हान एकदां सकाळच्या थंडींत, स्वतःच्या पायांच्या बळावर गांठली, तर ती जन्मभर विसरत नाहीं. म्हणून आमचें असें मत झालें आहे कीं, नागपुरांतील प्रत्येक मुलानें व मुलीनें शाळा सोडण्यापूर्वीं आपल्या भोंवतालचा नद्यांचा व शेतांचा प्रदेश सायकलीवरून पाहिला पाहिजे. आणि पालकांनीं त्यास नुसती परवानगी न देतां साहाय्यहि केलें पाहिजे.

आमच्या आजोबांच्या पिढींत ज्या वाहनास पायगाडी म्हणत, त्याचा एक मोठा गुण असा कीं त्याची गति माणसाच्या नजरेला झेपते. पायीं चालणारा एका दिवसांत फार दूर जाऊं शकत नाहीं. मोटारींतून जाणारा फार दूर जातो, पण त्यास कांहींच दिसत नाहीं. नागपुराजवळून निघणारा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजीं शिर्डीपर्यंत खुला झाला. तेथें सायकलीस प्रवेश नाहीं, आणि तें योग्यच आहे. त्या मार्गावरून जाणाऱ्यास पराटीचें शेत कोणतें व तुरीचें कोणतें हें ओळखण्यास अवसर तरी कोठला? सायकलवाल्यास शेताच्या धुऱ्यावर बसलेला म्हातारा दिसतो, आणि तो ‘कोठून आले, बाबू?’ असें विचारतो तेंहि ऐकूं येतें.

स्वतःच्या डोळ्यांनीं हा प्रदेश पाहणाऱ्यांत एक नांव आमच्या शहरास विसरतां येणार नाहीं. स्टीफन हिस्लॉप हे १८४५ सालीं नागपुरास आले. १८४६ सालीं त्यांनीं काढलेल्या शाळेंतूनच पुढें १८८३ सालीं हिस्लॉप कॉलेज उभें राहिलें. शिकविण्याचें काम सांभाळून त्यांनीं घोड्यावरून व पायीं हा मुलूख धुंडाळला, कामठीच्या बाजूच्या वालुकाश्मांतील वनस्पतींचे अश्म गोळा केले, आणि येथील खडकांची रचना जगापुढें मांडली. नागपुराच्या पश्चिमेस लाव्हारसापासून झालेला काळा खडक व पूर्वेस त्याहून फार प्राचीन असा खडक, आणि दोहोंच्या सीमेवर आपलें शहर, ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकांत असते. ती प्रथम चालून पाहणाऱ्यांस कळली.

याच सीमेमुळें आपल्याकडील सायकलीच्या वाटाहि दोन जातींच्या झाल्या आहेत. पश्चिमेस काटोलच्या रस्त्यानें निघालें कीं, दहा-बारा किलोमीटरांच्या आंतच जुनापाणीचीं शिळावर्तुळें लागतात. मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडून मध्यें मृतांस पुरण्याची ही प्राचीन रीत होती. रिव्हेट-कार्नॅक यांनीं १८७९ सालीं त्यांविषयीं लिहिलें. अशीं सुमारें तीनशें वर्तुळें तेथें आहेत. आमच्या मुलांपैकीं बहुतेकांनीं त्यांचें नांवहि ऐकलेलें नसतें. पुढें कळमेश्वर, आणि तेथून आडवाटेनें चंद्रभागेच्या कांठचें धापेवाड्याचें विठ्ठलमंदिर व अदाशाच्या टेकडीवरील गणपति. येतांजातां मिळून हा साधारण ऐंशी किलोमीटरांचा दिवस होतो. मोठ्या विद्यार्थ्यांस तो झेपतो.

या वाटेवरच संत्र्याच्या बागा भेटतात. नागपुरी संत्र्यास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें हें आपण अभिमानानें सांगतों; पण संत्रें झाडावर येतें कसें, हें मुलांस विचारून पाहावें. बागवान हिवाळ्यांत पाणी तोडून झाडास ताण देतो. पानें कोमेजतात, झाड आतां मरतें कीं काय असें वाटतें, आणि मग पाणी सोडतांच जानेवारी-फेब्रुवारींत झाड फुलानें भरून येतें. तो आंबिया बहार. त्याचीं फळें दिवाळीच्या सुमारास उतरूं लागतात. जून-जुलैमध्यें फुलणारा तो मृग बहार. त्याचीं फळें पुढल्या वर्षीं फेब्रुवारी-मार्चमध्यें येतात. ताण किती द्यावा हें बागवानाच्या हातीं, आणि फुलांच्या दिवसांत गारपीट झाली तर तें कोणाच्याच हातीं नाहीं. हें एका बागवानाच्या तोंडून ऐकून आलेला मुलगा बाजारांत डझनाचा भाव करतांना थोडा निराळा वागतो, असा आमचा अनुभव आहे.

पूर्वेची वाट निराळी. कामठीवरून कन्हान ओलांडली कीं हळूहळू काळी कसदार जमीन मागें पडते, कपाशी विरळ होते, आणि बांध्यांनीं बांधून काढलेलीं धानाचीं शेतें सुरू होतात. जुलैंत येथें पऱ्हे उपटून रोवणी चालते. चिखलांत वांकून उभ्या असलेल्या बायांची ती रांग ज्यानें पाहिली, त्यानें ताटांतला भात टाकूं नये. रामटेकच्या अंगास बरयांचे पानमळे आहेत, तळ्यांतून ढिवर लोक शिंगाडे काढतात. हीं तळीं पुष्कळशीं जुनीं. ‘माजी मालगुजारी तलाव’ या सरकारी नांवानें तीं ओळखलीं जातात. शेजारच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत तीं हजारोंनीं आहेत, आणि त्यांतील कितीतरी कोहळी समाजाच्या कर्तबगार पुरुषांनीं बांधविलीं. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तळीं सरकारजमा झालीं, आणि गाळ काढण्याची जी गांवाची जुनी रीत होती ती अनेक ठिकाणीं मोडली. तळ्याची पाळ चढून एकदां आंत पाहावें. अर्धें तळें बेशरमीच्या झुडपांनीं भरलेलें दिसलें तर नागरिकशास्त्राचा तास तेथेंच घ्यावा.

रामटेक सरळ रस्त्यानें सुमारें पन्नास किलोमीटर आहे. मेघदूतांतील रामगिरि तो हाच, असें आमच्या नागपुरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. आणि जवळचें नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, असें विद्वान् मानतात. दीड हजार वर्षांपूर्वींच्या राजधानीचें स्थान आज एक लहानसें गांव आहे, हें पाहण्याइतका इतिहासाचा दुसरा चांगला धडा नाहीं.

तिसरी वाट कुहीवरून आंभोऱ्याची. नागपुरापासून हें अंतर सुमारें सत्तर किलोमीटर भरतें, म्हणून ही वाट एका दिवसाची नव्हे. रात्रीं मुक्काम करावा. वैनगंगा, कन्हान व आंब या नद्यांसह पांच नद्यांचा संगम येथें सांगतात. मुकुंदराजांचा विवेकसिंधु शके १११० मध्यें येथेंच लिहिला गेला अशी परंपरा आहे. दुसरे तो मान अंबाजोगाईस देतात. तो वाद विद्वानांनीं मिटवावा. आमच्या मुलांनीं मात्र संगमावर उभें राहून दुसराच एक हिशेब मनांत करावा. या संगमावर आज जें अफाट पाणी दिसतें तें गोसीखुर्द धरणाचें फुगवट्याचें पाणी आहे. त्या धरणाची पायाभरणी १९८८ सालीं झाली, आणि कुही तालुक्यांतील अनेक गांवें त्या पाण्याखालीं जाऊन लोकांस उठून जावें लागलें. २०२४ सालीं येथें केबलांनीं तोललेला मोठा पूल खुला झाला व तो पाहण्यास नागपुरांतून मोटारींची रीघ लागली. पूल सुंदर आहे. पण पुलाखालच्या पाण्यांत आमचा वाटा कोणता?

नागपूर शहर पितें तें पाणी मुख्यतः पेंचेचें व कन्हानेचें. तोतलाडोहाच्या धरणांतून व नवेगांव खैरीच्या कालव्यानें तें स्वच्छ पाणी आपल्याकडे येतें. आपण तें वापरतों, मळवितों, आणि त्यांतील पुष्कळसें नागेच्या पात्रांतून खालच्या अंगास कन्हानेलाच परत करतों. तेथून तें गोसीखुर्दच्या जलाशयांत जातें. नदीकांठचा शेतकरी तेंच पाणी वांग्या-टोमॅटोंस देतो, आणि ती भाजी पुन्हा आपल्या बाजारांत येते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठीं सुमारें दोन हजार कोटी रुपयांची योजना आखली गेली आहे. ती पुरी होवो अशी आमचीहि इच्छा आहे. परंतु ज्या पिढीनें कन्हानेचें वरचें पाणी व खालचें पाणी एकाच महिन्यांत स्वतः पाहिलें, ती पिढी ही योजना रेंगाळूं देणार नाहीं. ज्या पिढीस नाग म्हणजे गटार असेंच वाटतें, तिच्याकडून कसली अपेक्षा करावी?

आतां पालकांच्या आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप जिवाच्या भीतीचा आहे, आणि तो टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. तीन वर्षांपूर्वीं आम्ही चौदा मुलांस घेऊन रामटेकास गेलों होतों. गडावर वेळ फार गेला, निघण्यास उशीर झाला, आणि लवकर पोहोंचावें म्हणून आम्ही राष्ट्रीय महामार्गानें परतलों. दिवे लागण्याच्या सुमारास एका मालमोटारीचा ओझरता धक्का एका मुलाच्या सायकलीच्या दांड्यास लागला. तो रस्त्याच्या कडेस फेंकला गेला व त्याचें मनगट मोडलें. देवाची दया म्हणून तेवढ्यावर निभावलें. मालमोटार थांबली नाहीं. परंतु दोष तिचा एकटीचा नव्हता. उशीर आमचा होता, आणि रस्ताहि आम्हींच निवडला होता. त्या रात्रीं रुग्णालयाच्या बाकावर बसून आम्हीं असें ठरविलें कीं, पुन्हा मुलांस घेऊन कोठें जायचें नाहीं.

आठवड्यानें त्या मुलाचे वडील शाळेंत आले. ते मौद्याकडचे शेतकरी. मुलास शिक्षणासाठीं नागपुरास ठेवलेलें. ते रागें भरतील, आणि त्यांचा राग आपण निमूटपणें ऐकून घ्यावा, अशा तयारीनें आम्ही उभे राहिलों. ते म्हणाले, “सर, पोराले अजून न्या. पण रस्ता बदलवा.” मग त्यांनीं खडू हातीं घेतला आणि फळ्यावर कन्हानहून तारशाच्या अंगानें नगरधनास व तेथून रामटेकास जाणारी खेड्यांतली वाट आम्हांस काढून दाखविली, कोठें सावली आहे, कोठें हापसा आहे, कोणत्या गांवचीं कुत्रीं अंगावर येतात, हेंहि सांगितलें. पुढल्या हिवाळ्यांत आम्ही त्याच वाटेनें गेलों. वाट लांबची पडली, आणि चौदांचे एकवीस झाले होते. मनगट मोडलेला मुलगा सर्वांच्या पुढें होता.

भीतीस आमचें उत्तर तेंच आहे. रस्ता बदलावा, मुलांस घरीं कोंडूं नये. महामार्गावर मुलांचें काम नाहीं. जिल्ह्यांतील लहान रस्ते, गांवांस जोडणाऱ्या वाटा व कोरड्या दिवसांत पांदणी, हे आपले मार्ग. आणि येथें पालकांस एक अप्रिय प्रश्न विचारणें भाग आहे. सायकलीची ज्यांस भीति वाटते, त्यांपैकीं कितीतरी घरांत चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा शिकवणीस जाण्यासाठीं स्कूटर चालवितो. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत अशा अपराधासाठीं पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. कायद्याची गोष्ट सोडली, तरी जें वाहन मुलास स्वतःच्या शक्तीपेक्षां अधिक वेग देतें तें सुरक्षित, आणि जें त्याच्या शक्तीइतकाच वेग देतें तें धोक्याचें, हा तर्क आम्हांस समजत नाहीं.

दुसरा आक्षेप मुलींविषयीं असतो. मुलग्यांनीं जावें, मुलींचें काय काम, असें पुष्कळ माता-पिता आम्हांस हळूच सांगतात. त्यांनीं सकाळीं सातच्या सुमारास कुही किंवा रामटेकच्या बाजूच्या कोणत्याहि रस्त्यावर उभें राहून पाहावें. दोन वेण्या घातलेल्या मुली तिघी-चौघींच्या जथ्यानें शाळेस सायकलीवरून जातांना दिसतील. मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींस सायकल घेण्यासाठीं राज्याच्या मानव विकास कार्यक्रमांतून पैसे मिळतात, आणि ज्या मुलीची शाळा अंतरामुळें सुटली असती तिची शाळा त्या दोन चाकांमुळें टिकते. खेड्यांतील कन्या जी वाट रोज चालविते, ती वाट शहरांतील कन्येनें वर्षांतून तीनदां चालवूं नये काय?

तिसरा आक्षेप अभ्यासाचा. रविवार गेला तर शिकवणी बुडते. बुडूं द्यावी, असें आम्ही म्हणत नाहीं. पण वर्षांतील बावन्न रविवारांपैकीं तीन-चार रविवारांचा हा प्रश्न आहे. शरीर थकवून आलेला मुलगा रात्रीं गाढ झोंपतो व सोमवारीं वर्गांत जागा असतो, इतकें आम्हीं पाहिलें आहे. आणि दूरवर जाण्याची हिंमत या मातींत नाहीं असेंहि नाहीं. आमच्याच शहरांतील डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा ही सुमारें पांच हजार किलोमीटरांची शर्यत एकट्यानें, बारा दिवसांच्या मुदतींत पुरी केली. प्रत्येकानें तसें करावें असें नव्हे. परंतु पांच हजारांचीहि सुरुवात कधीं तरी पांच किलोमीटरांपासूनच होते.

जाणाऱ्यांनीं कांहीं नियम मात्र वेदवाक्याप्रमाणें पाळावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने आपले. दाट धुकें असेल तर तें निवळेपर्यंत निघूं नये. उजाडल्यावर निघावें आणि दिवस मावळण्यापूर्वीं एक तास घरीं असावें. एकामागें एक चालावें, जोडीनें गप्पा मारीत नव्हे. डोक्यास शिरस्त्राण, मागें तांबडा दिवा, संगें पंप, पंक्चरचें सामान व दोन बाटल्या पाणी. ब्रेक आदल्या दिवशींच तपासावे. शेतांतील एक संत्रेंहि न विचारतां तोडूं नये. विचारल्यास बागवान चार देतो. खाऊचा कागद परत घरीं आणावा.

आणि एक नियम सर्वांत मोठा: पावसाळ्यांत रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर तें घोट्याइतकें असलें तरी त्यांत पाऊल घालूं नये, तेथूनच परतावें. वर ज्या हिस्लॉप साहेबांचें नांव घेतलें, ते ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथून परत येतांना पावसानें फुगलेल्या ओढ्यांत घोड्यासह सांपडले व बुडून वारले. टाकळघाटींहि जुनापाणीसारखींच शिळावर्तुळें आहेत. अठरा वर्षें जो मुलूख त्यांनीं पायाखालीं घातला होता, त्याच मुलखांतील एका लहान ओढ्यानें त्यांस नेलें. आणि सप्टेंबर २०२३ मध्यें एका रात्रींतल्या पावसानें अंबाझरी तलाव भरून वाहिला व नागेचें पाणी घरांघरांत शिरलें, तें तर आपण स्वतः भोगलें आहे. नदीवर प्रेम करावें, पण तिच्याशीं सलगी करूं नये.

राहिला प्रश्न समाजाच्या कर्तव्याचा. शहरांतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांस कडेनें हातभर रुंद तरी पक्की पट्टी असावी, प्रत्येक रपट्याशीं पाण्याची खोली दाखविणारे खांब असावे, कालव्यांवरील पुलांस कठडे असावे. ही मागणी हौशी सायकलवाल्यांची म्हणून कोणी मोडीत काढूं नये. त्याच पट्टीवरून पहांटे दूधवाला येतो, भाजीचें ओझें घेऊन म्हातारा येतो, आणि त्या दोन वेण्यांच्या मुली शाळेस जातात. आमच्या मुलांनीं वर्षांतून चार दिवस तो रस्ता वापरला, तर त्या रस्त्यावर रोज जगणाऱ्यांची गरज त्यांस कळेल, आणि मोठेपणीं अधिकाराच्या खुर्चीवर बसल्यावर आठवेलहि.

हवा भरलेलें रबरी चाक कसें निघालें, तें सांगून हा लेख संपवितों. बेलफास्ट शहरांत जॉन बॉइड डनलप नांवाचे एक पशुवैद्य होते. त्यांच्या लहान मुलाच्या तीनचाकीस टणक रबराचीं चाकें होतीं आणि दगडी रस्त्यावर त्यास फार हिसके बसत. तेव्हां त्यांनीं रबराची नळी करून तींत हवा भरली व ती चाकास बसविली. १८८८ सालीं त्या युक्तीचें पेटंट त्यांस मिळालें. मुलास हिसके बसतात म्हणून त्या पित्यानें तीनचाकी काढून घेतली नाहीं, चाक सुधारलें. मौद्याच्या त्या शेतकऱ्यानेंहि मुलाचें मनगट मोडल्यावर सायकल काढून घेतली नाहीं, रस्ता बदलविला. आमच्या शाळेच्या पालकांकडे आमचें एवढेंच मागणें आहे. येत्या डिसेंबरांत एका रविवारीं मुलास उजाडतां उठवा, सायकलीच्या चाकांत हवा आहे कीं नाहीं तें स्वतः दाबून पाहा, आणि साधल्यास आपणहि बरोबर या. पुढल्या वर्षीं नवव्या इयत्तेस तोच प्रश्न आम्ही पुन्हा विचारणार आहों.